किल्ली पोचवायची कशी? पन्नास वर्षांचा मागोवा

संदेश सांकेतिक करण्याच्या युक्त्या जुन्याच. गाडं अडायचं ते संदेश उलगडणारी किल्ली पोचवण्यापाशी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना एनिग्मा या संकेतयंत्राच्या मांडण्यांचे, म्हणजेच किल्ल्यांचे, कागद बंदरातूनच सोबत न्यावे लागत. बुडायची वेळ आली तर अक्षरं पुसली जावीत, म्हणून पाण्यात विरघळणारी शाई वापरलेली. तरीही मे १९४१मध्ये यू-११० पाणबुडीवरचं यंत्र आणि कागदपत्रं ब्रिटिशांच्या हाती लागलीच.

गुप्तचर जगाबाहेर या प्रश्नाला पहिला खरा धक्का दिला तो अमेरिकेत बर्कलीतल्या एका विद्यार्थ्याने. १९७४मध्ये रॅल्फ मर्कलने एका अभ्यासक्रमासाठी प्रकल्प सुचवला: पूर्वी कधीही न भेटलेल्या दोघांनी, सगळ्यांना ऐकू येणाऱ्या वाटेवरून गुपित ठरवायचं. एकाने ढीगभर कोडी उघड पाठवायची. दुसऱ्याने त्यातलं कुठलंही एक सोडवून आत सापडलेला क्रमांक कळवायचा. त्याच कोड्यातली किल्ली दोघांची. चोरून ऐकणाऱ्याला मात्र सरासरी निम्मी कोडी सोडवत बसावं लागतं. प्राध्यापकांना हे पटलं नाही, मर्कलने तो अभ्यासक्रम सोडला, आणि लेख छापून यायला १९७८ उजाडलं. या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी पाऊल मला कोड्यांची ही कल्पनाच वाटते.

नोव्हेंबर १९७६मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दिलेली रीत कितीतरी सुटसुटीत होती. ५ आणि २३ या संख्या सगळ्यांना माहीत आहेत असं धरा. एकाने मनात ३ धरला. ५चा तिसरा घात १२५. त्याला २३ने भागून बाकी १०. दुसऱ्याने ७ धरला. ५च्या सातव्या घाताची बाकी १७. दोघं १० आणि १७ उघडपणे एकमेकांना कळवतात. आता पहिला १७चा तिसरा घात घेतो, दुसरा १०चा सातवा. २३ने भागल्यावर दोघांचीही बाकी १४! हे १४ वाटेवरून गेलेलंच नाही. प्रत्यक्षात २३च्या जागी सहाशेहून अधिक अंकी मूळ संख्या असते आणि मनातला आकडा उलट शोधून काढणं आवाक्याबाहेर जातं. पुढे हेलमन यांनीच या रीतीच्या नावात मर्कलचंही नाव हवं, असं सुचवलं. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांना हेच मार्ग आधी सापडले होते. पण ते जाहीर झालं डिसेंबर १९९७मध्ये, एलिस यांच्या निधनानंतर काही आठवड्यांनी.

एक प्रश्न मात्र या गणिताने सोडवला नाही: पलीकडे आहे कोण? मधे बसलेला तिसरा माणूस दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवू शकतो आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. वेबसाइटींची प्रमाणपत्रं त्यासाठीच आली. व्हॉट्सॲपमध्ये संपर्काच्या माहितीत साठ अंकी सुरक्षा कोड असतो, तोही त्याचसाठी. समोरासमोर बसून, किंवा आवाज ओळखून फोनवर, तो जुळवून पाहायचा असतो. हे काम कुठलंही गणित आपल्या वतीने करू शकत नाही, आणि ते इतकं दुर्लक्षित राहावं याची मला काळजी वाटते.

दुसरा धोका साठवणुकीचा. पूर्वी बऱ्याच सर्व्हरांवर एकच कायमची किल्ली असे. ती फुटली की साठवून ठेवलेला जुना संवादही उघडा पडे. २०१८च्या टीएलएस १.३ या वेबजोडण्या सुरक्षित करणाऱ्या नियमावलीने ती पद्धत काढून टाकली आणि प्रत्येक जोडणीला नवी किल्ली बनू लागली. पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक डिफी-हेलमनचं गणितही फोडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४मध्येच दाखवलं होतं. म्हणून ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एमएल-केईएम ही वेगळ्या गणितावर उभी असलेली पद्धत प्रमाणित केली. ब्राउझरांत ती जुन्या रीतीच्या जोडीने वापरात येते आहे: दोन्ही फुटल्याशिवाय किल्ली हाती लागू नये, म्हणून.