चाकांची कुळकथा – भाग ९ : सायलेन्सरवर पोसलेला संघ

रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन पुणे-नगर रस्त्याला लागलं की जवळच एमआयडीसीच्या शेड दिसू लागतात. शिरूर तालुक्यातल्या या वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. तिथे तयार झालेली एक वेगळीच पुंटो ऑक्टोबर २०१५मध्ये बाजारात आली. अंगकाठी नेहमीच्या हॅचबॅकची, पण बॉनेटखाली १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. नाकावर फियाटचा बिल्ला नव्हता. तिथे विंचू होता.

हा विंचू कार्लो आबार्थचा. जन्म व्हिएन्नाचा, १५ नोव्हेंबर १९०८चा. रास वृश्चिक, म्हणून पुढे त्याच्या कंपनीचं चिन्हही तेच. मेकॅनिकचं काम करता करता तो मोटरसायकलच्या शर्यतीत उतरला आणि जिंकू लागला. पुढे मोठा अपघात झाला, तेव्हा दुचाकी सोडून तो साइडकारकडे वळला. १९३४मध्ये त्याने थेट रेल्वेशी पैज लावली : व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ओस्टेंड, अंतर सुमारे १३०० किलोमीटर, प्रतिस्पर्धी ओरिएंट एक्स्प्रेस. जाताना इंजिनातल्या विजेच्या बिघाडाने त्याला दगा दिला आणि रेल्वे आधी पोहोचली. येताना मात्र त्याने तिला सुमारे वीस मिनिटांनी मागे टाकलं. दौंड जंक्शनवर पूर्वी इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागेपर्यंत ताटकळलेल्या प्रवाशाला रेल्वे कुठे वेळ गमावते हे सांगायला नको. तरीही त्या काळच्या रस्त्यांवर साइडकार घेऊन एवढा पल्ला मारणं खायचं काम नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा एक भीषण अपघात झाला आणि त्याची शर्यतींची कारकीर्द संपली. रेसरपण संपलं, शर्यतीचा नाद सुटला नाही. युद्धानंतर इटलीतल्या तुरीन शहरात चिसितालिया नावाच्या कंपनीच्या रेसिंग विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली. तिचा मालक पिएरो दुसिओ हाही रेसरच. एकेकाळी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला, मग कापडधंद्यात पैसा कमावलेला. त्याने पोर्शेच्या अभियंत्यांकडून ग्रां-प्रीची महागडी गाडी बनवून घ्यायचं ठरवलं. ती गाडी धड शर्यतीला उभी राहण्याआधीच कंपनी कर्जात बुडाली आणि दुसिओने अर्जेंटिनाची वाट धरली. आबार्थच्या वाट्याला राहिलेल्या हिशोबापोटी काही गाड्या आणि सुटे भाग आले.

त्या भांडवलावर ३१ मार्च १९४९ला ‘आबार्थ अँड कंपनी’ आणि तिचा रेसिंग संघ उभा राहिला. ताझिओ नुवोलारी हा इटलीचा दैवतासमान रेसर. १० एप्रिल १९५०ला सिसिलीतल्या मोन्ते पेल्लेग्रिनो घाटात तो आबार्थच्या गाडीत बसला आणि आपल्या वर्गात पहिला आला. ती त्याची शेवटची शर्यत ठरली. नाव तर झालं, पण नावावर टायर येत नाहीत. शिरूरच्या कुठल्याही बैलगाडा मालकाला विचारा : शर्यतीच्या घाटात पहिला नंबर आला तरी बक्षिसात बैलांचा वर्षाचा खुराक निघत नाही, तो दुसऱ्या धंद्यातूनच काढावा लागतो.

आबार्थने तो दुसरा धंदा शोधला सायलेन्सरमध्ये. साध्या सायलेन्सरमध्ये धूर आडव्या पडद्यांना अडखळत बाहेर पडतो. आवाज कमी होतो, पण इंजिनावर उलटा दाब येतो. आबार्थने आत भोकं पाडलेली सरळ नळी ठेवली आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरली. धुराला वाट मोकळी मिळाली, इंजिनाचा श्वास सुटला आणि आवाजही भारदस्त झाला. छोटी फियाट चालवणारा तुरीनचा कारकूनसुद्धा पगारातून तो घेऊ लागला. १९६२च्या सुमारास वर्षाला अडीच लाखांहून जास्त सायलेन्सर विकले जात होते. शिवाय फियाटशी करार होता : फियाटवर बेतलेल्या गाडीने शर्यत जिंकली किंवा विक्रम मोडला की फियाटने पैसे मोजायचे.

हौस मात्र गेली नव्हती. १९६५मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर वेगाचा विक्रम करायला तो स्वतः निघाला, तर देह कॉकपिटमध्ये मावेना. सफरचंदांवर राहून त्याने सुमारे तीस किलो वजन उतरवलं आणि वयाच्या ५७व्या वर्षात विक्रम केला.

पुढे खर्चाने सायलेन्सरलाही मागे टाकलं. १९७१मध्ये त्याने कंपनी फियाटला विकली. फियाटने तिचा रॅली विभाग केला. ‘१३१ आबार्थ’ने १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं. आबार्थ १९७९मध्ये वारला.

रेसरने संघमालक होण्याची ही वाट आपल्याकडेही रुळते आहे. मुंबईचे रेयोमंड बनाजी अनेकदा राष्ट्रीय विजेते झाले आणि आता ‘रेयो रेसिंग’ हा कार्टिंग संघ चालवतात. सोबत नव्या मुलांना ड्रायव्हिंगचे धडेही देतात.

(पुढील भागात : १९१८च्या हिवाळ्यात फियाटने नोकरी नाकारलेला एन्झो फेरारी, आणि १९६९मध्ये त्याच्या कंपनीचा अर्धा हिस्सा विकत घेणारी फियाट.)