स्टार्टर आणि व्हॉल्व्ह : गेमसाठी कीबोर्ड बरा की कंट्रोलर?

लेखमाला : हात आणि यंत्र
लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण टायपिंगचा कीबोर्ड पाहिला. जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथली कितीतरी मुले-मुली लिपिकाच्या भरतीसाठी मिनिटाला 30 मराठी शब्दांचा वेग यावा म्हणून त्यावर बोटे घोटत असतात. घरातला हाच कीबोर्ड संध्याकाळी गेम खेळायलाही लागतो, आणि तिथे एक जुना वाद सुरू होतो. गेम खेळायला कीबोर्ड चांगला, की आपल्याकडे बऱ्याच घरांत ज्याला सरळ ‘रिमोट’ म्हणतात तो दोन हातांत धरायचा कंट्रोलर? या वादात बहुतेक जण आपापल्या सवयीची बाजू घेतात. पण ही दोन साधने आपल्या हाताकडून दोन निरनिराळ्या गोष्टी मोजून घेतात. कोणता गेम कोणती गोष्ट मागतो, ते एकदा समजले की बराचसा वाद आपोआप मिटतो.

हा फरक जालन्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरजही नाही. मोसंबीची बाग असो की कडवंचीसारख्या गावातली द्राक्षाची, पाणी देताना त्याचा हात दोन ठिकाणी जातो. पहिले ठिकाण मोटारीच्या स्टार्टरचे : हिरवे बटण दाबले की मोटार चालू, लाल दाबले की बंद, मधले काही नाही. दुसरे ठिकाण व्हॉल्व्हचे : तो पाव उघडता येतो, अर्धा उघडता येतो, शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचेल एवढाच फिरवता येतो. साधा कीबोर्ड म्हणजे शंभराच्या आसपास स्टार्टर ओळीने मांडलेले. प्रत्येक बटण संगणकाला फक्त ‘दाबले’ किंवा ‘सोडले’ एवढेच कळवते. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची काठी हा व्हॉल्व्ह आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरकडून संगणकाला काठीच्या प्रत्येक अक्षासाठी 65,536 पैकी एक आकडा मिळतो आणि बोटाखालच्या ट्रिगरसाठी 256 पैकी एक. अंगठा एवढे बारीक अंतर राखू शकत नाही हे खरे. पण हलके, मध्यम आणि पूर्ण यांतला फरक मात्र तो सहज राखतो. कीबोर्डला हा फरक कळण्याची सोयच नाही.

गाडीच्या शर्यतीचा गेम घ्या. वळणावर चाक थोडेसेच वळवायचे असते आणि अॅक्सिलरेटर अर्धाच दाबायचा असतो. कीबोर्डवर मात्र बाण दाबला की चाक पूर्ण वळण्याकडे जाते. म्हणून बरेच गेम बटण दाबल्यावर चाक एकदम न वळवता हळूहळू वळवतात, आणि खेळणारा तेच बटण टकटक दाबत-सोडत राहतो. पाणी कमी हवे म्हणून व्हॉल्व्ह फिरवायचा सोडून मोटार पुन्हा पुन्हा चालू-बंद करावी, तसाच हा प्रकार झाला. काम निभते, पण निम्मे लक्ष बटणावर जाते. क्रिकेटचेही तसेच. 2006च्या अखेरीस आलेला ‘क्रिकेट 07’ आपल्याकडे असंख्य मुलांनी कीबोर्डवरच खेळला : बाणांनी दिशा, काही अक्षरांनी फटका. पण त्याच गेमच्या निर्मात्यांनी कंट्रोलरच्या काठीने फटक्याची दिशा देण्याची ‘सेंच्युरी स्टिक’ नावाची सोय मोठ्या कौतुकाने जाहीर केली होती. त्यामागचे कारण उघड आहे. एकेका बटणाने चार दिशा आणि दोन बटणे मिळून आणखी चार, अशा आठच दिशा बाणांनी देता येतात. काठीला असे कोपरे नसतात.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप नेमबाजीच्या गेमचा असतो. कंट्रोलर एवढा सरस असेल, तर काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत सगळे कीबोर्ड-माउस घेऊनच का बसतात? आक्षेप रास्त आहे, पण त्यातले मुख्य श्रेय माउसचे आहे. माउस जितका सरकवावा तितकाच नेम सरकतो. हात थांबला की नेम थांबतो. काठी मात्र नेमाला वेग देते : ती कलती ठेवली की नेम सरकत राहतो, आणि तो नेमक्या जागी थांबवायला काठी वेळेवर मध्यावर आणावी लागते. म्हणूनच कंट्रोलरवर खेळल्या जाणाऱ्या अनेक नेमबाजीच्या गेममध्ये नेम लक्ष्याजवळ आला की त्याला किंचित ओढून घेणारी मदत दिलेली असते. डेनिस फॉन्ग या अमेरिकी खेळाडूने 1997मध्ये ‘क्वेक’ची स्पर्धा जिंकून फेरारी गाडी मिळवली. उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या अक्षरांवर, ही त्याची पद्धत पुढे जगभर रुळली. त्या जोडीत बारकाव्याचे काम माउसकडे आणि होय-नाहीचे काम कीबोर्डकडे अशी वाटणी आहे.

तरीही कीबोर्डच्या वाट्याला उरलेले श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. डावीकडून एकदम उजवीकडे वळायचे असेल, तर अंगठ्याला काठी मध्यावरून पलीकडे न्यावी लागते. कीबोर्डवर दोन दिशांना दोन बोटे आधीपासूनच तयार असतात. हा फायदा किती मोठा आहे ते 2024मध्ये दिसले. विरुद्ध दिशेचे बटण दाबताच आधीचे बटण आपोआप सुटल्यासारखे करणारे कीबोर्ड बाजारात आले आणि काउंटर-स्ट्राइकच्या निर्मात्यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर त्या सोयीला बंदी केली. मारामारीच्या गेमचा अनुभवही हेच सांगतो. ‘स्ट्रीट फायटर’ खेळणाऱ्यांत अलीकडे काठी पूर्ण काढून टाकलेले, केवळ बटणांचे कंट्रोलर वाढले आहेत. तिथे पात्र किती जोरात चालते याला महत्त्व नसते. दिशा योग्य क्षणी दिली की नाही, एवढेच पाहिले जाते. म्हणजे ज्या गेमचा प्रश्न ‘होय की नाही’ असा आहे, तिथे काठीवाले साधनसुद्धा बटणांकडे वळते. याच्या उलट, किती खोल दाबले हे मोजणारे महागडे कीबोर्डही आता मिळतात. काही जण त्यांचा दाखला देऊन फरक संपला असे म्हणतात. पण ते कीबोर्ड बटणालाच व्हॉल्व्ह करू पाहतात. म्हणजे फरक खरा होता याचीच ती कबुली आहे. शिवाय बटणाची सगळी चाल जेमतेम चार मिलिमीटरची. तेवढ्यात अर्धे-पाऊण सांभाळणे काठीपेक्षा अवघडच राहते.

राहिला सवयीचा आक्षेप. ज्याचा हात ज्यावर बसला, त्याला तेच चांगले, असे म्हणतात. सवय मोठी आहे यात शंका नाही, पण साधन जे मोजतच नाही ते सवयीने मोजले जात नाही. टायपिंगची सवय तर इथे फसवीसुद्धा ठरते. टायपिंगमध्ये अक्षरे एकामागून एक दाबली जातात. गेममध्ये तीन-चार बटणे एकाच वेळी धरून ठेवावी लागतात. स्वस्त कीबोर्डच्या आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. त्यात काही तीन बटणे एकत्र दाबली, की तिसरे ओळखताच येत नाही. वरचा बाण, डावा बाण आणि स्पेसबार हे त्रिकूट अनेक कीबोर्डांवर असेच अडते. दोष बोटांचा नसतो. तो कीबोर्ड पत्र टाइप करायला बनवलेला असतो.

म्हणून घरात मर्यादित पैसे असतील तर क्रम असा असावा. कीबोर्ड आहेच. नेमबाजीचे किंवा डावपेचांचे गेम आवडत असतील, तर आधी एक चांगला वायरचा माउस घ्यावा. कंट्रोलरची घाई नको. गाडी, फुटबॉल, क्रिकेट हे आवडीचे असेल, तर पैसा कंट्रोलरवर खर्च करणे योग्य. मात्र तो घेताना काठीखालची यंत्रणा विचारून घ्यावी. घासणाऱ्या पट्टीवर चालणारी काठी झिजली, की हात न लावताही पात्र एका बाजूला सरकू लागते. चुंबकाच्या साहाय्याने स्थिती ओळखणारी काठी तशी झिजत नाही. आणि विकत घेण्याआधी, आपण खरोखर रोज खेळतो तो गेम आपल्या हाताला काय विचारतो, ते पाहावे. ‘केव्हा’ एवढेच विचारत असेल तर स्टार्टर पुरे. ‘किती’ असेही विचारत असेल तर व्हॉल्व्ह हवा.

आपल्या जिल्ह्यात आज सर्वाधिक खेळ होतो तो मात्र मोबाइलवर, जिथे बोटाखाली ना बटण असते ना काठी, नुसती काच असते. त्या काचेचा हिशेब पुढच्या लेखांकात मांडू.