म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेतीचाही नाही. गरिबाचं घर चालतं ते चार शेळ्या, मजुरी आणि आठवडी बाजारावर. इथेच, म्हसवडला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

निमित्त झालं लोहारकाम करणाऱ्या एका बाईचं. तिचा संसार उघड्यावर. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालता यावा म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. इतक्या लहान रकमेचं खातं उघडायला बँक तयार होईना. मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला सिन्हा यांनी तेव्हा बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या साक्षरता वर्गात बसल्या आणि काही महिन्यांनी थेट मुंबईला धडकल्या. कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या, असं त्यांनी सुनावलं. परवाना मिळाला.

लहान कर्जाचं मोल बाजारात कळतं. भाजीवालीने पहाटे सावकाराकडून नऊशे घेऊन संध्याकाळी हजार परत करायचे, तर दिवसभराच्या कष्टातले शंभर रुपये त्याच्याच खिशात जातात. तेच भांडवल बँकेच्या व्याजाने मिळालं की ते शंभर घरी येतात. त्यातून माल वाढतो, तराजू येतो, पुढे शेळीही येते.

पण नुसतं कर्ज देऊन भागत नाही. बँकेत यायचं तर रोज बुडतो, म्हणून माणदेशीची माणसं बायकांच्या दारी जाऊ लागली. खात्याचा पिन नंबर कुणीही चोरेल, त्यापेक्षा अंगठ्याचा ठसाच चालू द्या, ही सूचनाही बायकांचीच. पुढे धंद्याचं शिक्षण देणारी शाळाही सुरू झाली.

कमाईचा आधार नसलेलं कर्ज गरिबाच्या गळ्याचा फास होतं, हेही खरं. म्हणूनच हप्ता कर्जदाराच्या कमाईच्या दिवसाशी जुळला पाहिजे आणि कर्जासोबत बचतही हवी. गरीब बाईला हिशेब शिकवावा लागत नाही. तिच्या हिशेबाला मान देणारी बँक लागते. अशी बँक प्रत्येक दुष्काळी तालुक्यात असायला हवी.