चूल, वैल आणि अंजनवेलचा प्लांट

दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्या-किनाऱ्यानं बाइकवर कोकण करायचा प्लॅन प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी ठरतो. बहुतेक वेळा तो व्हॉट्सअॅपवरच मरतो, पण जे निघतात त्यांना रूट पाठ असतो. मुरूडहून आगरदांडा, तिथून फेरीबोटीत (जंगलजेट्टी म्हणा हवं तर) गाडी चढवून राजपुरी खाडी ओलांडायची आणि दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला दुसरी बोट, दापोलीमार्गे दाभोळला तिसरी. पलीकडे धोपावे, म्हणजे गुहागर तालुका. तिथून वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला वळलं की गोपाळगड येतो. आणि गडाच्या शेजारीच नारळी-पोफळीच्या मधे अजिबात न शोभणाऱ्या चिमण्या, टाक्या आणि तारांचं जंगल.

गडाचे फोटो सगळे काढतात. त्या चिमण्यांचे फारसे कुणी काढत नाही. खरं तर महाराष्ट्राला फार महागात पडलेली एक गोष्ट तिथे उभी आहे. आपल्या आईबाबांच्या पिढीला तिचं नाव एका शब्दात माहीत आहे: एन्रॉन.

नकाशा उघडा आणि आगरदांड्यावर बोट ठेवा. तिथून उत्तरेला उरण, जिथे बोकडविऱ्याला महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र आहे. दक्षिणेला अंजनवेल. आगरदांडा या दोघांच्या जवळपास मधोमध येतं. दोन्ही प्लांट एकाच पद्धतीचे, कम्बाइंड सायकल. एक चाळीसेक वर्षं चालतोय, दुसरा कधी चालतो, कधी झोपतो. हे असं का, हे समजून घ्यायचं तर आधी आजीच्या स्वयंपाकघरात जावं लागेल.

वैल म्हणजे काय?

जुन्या मातीच्या चुलीला शेजारी एक जोडतोंड असायचं, त्याला वैल म्हणतात. त्यात वेगळं लाकूड घालायचं नाही. मुख्य चुलीवर भात शिजतो आणि तिथून सुटलेली आच आतल्या वाटेनं वैलाखाली जाते. त्यावर आमटी उकळते, नाहीतर पाणी तापतं. जळण एकच, पदार्थ दोन.

कम्बाइंड सायकल हेच करतं. गॅस टर्बाइन म्हणजे जमिनीवर बांधून ठेवलेलं जेट इंजिन. ते हवा आत ओढतं, दाबतं, त्यात गॅस जाळतं आणि तापून फुगलेल्या वायूच्या जोरावर पाती फिरवतं. पात्यांच्या दांड्याला जनरेटर जोडला की वीज. पण या इंजिनातून बाहेर पडणारा वायू जवळपास 600 अंश सेल्सिअस तापलेला असतो. नुसतं गॅस टर्बाइन चालवलं, तर ही सगळी उष्णता चिमणीतून आकाशात जाते. 100 रुपयांचा गॅस जाळून 35-40 रुपयांचीच वीज हाती लागते.

मग त्या वाटेत एक बॉयलर बसवायचा. त्यात आग नसतेच, फक्त पाण्याच्या नळ्या असतात. गरम वायू नळ्यांवरून जातो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ दुसरं टर्बाइन फिरवते. हा झाला वैल. आता त्याच 100 रुपयांतून 55 ते 60 रुपयांची वीज निघते. कोळशाच्या जुन्या प्लांटला पस्तिशी गाठताना दम लागतो.

उरणचा हिशेब यासाठी छान आहे. तिथे 1982 मध्ये 60 मेगावॉटचे गॅस टर्बाइन संच सुरू झाले. नंतर 108 मेगावॉटचे चार आले. नव्वदच्या दशकात त्यांच्या मागे वाफेचे 120 मेगावॉटचे दोन संच जोडले. जुने छोटे संच निवृत्त झाले, पण आजचं गणित तोंडी करता येतं: चार गुणिले 108 म्हणजे 432, अधिक दोन गुणिले 120 म्हणजे 240, एकूण 672 मेगावॉट. यातल्या 240 साठी वेगळा गॅस लागत नाही. ट्रॉम्बेमध्ये टाटा पॉवरचा 180 मेगावॉटचा संचही याच जातीचा आहे.

जगात ही गोष्ट 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावात 4 मेगावॉटच्या गॅस टर्बाइनपासून सुरू झाली. त्याची कार्यक्षमता होती 17 टक्क्यांच्या आसपास. 2016 मध्ये फ्रान्समधल्या बुशां इथल्या कम्बाइंड सायकल प्लांटनं 62 टक्के ओलांडून गिनेस बुकात नाव नोंदवलं. मेकॅनिकलच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ब्रेटन आणि रँकिन ही दोन नावं छळतात ना? तो 62 चा आकडा म्हणजे या दोघांची युती.

फायदे आणखी आहेत. एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी. राख नाही. गॅस टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं, वाफेसकट पूर्ण प्लांट काही तासांत. कोळशाचा थंड पडलेला बॉयलर पेटवायला अर्धा दिवस सहज जातो. (मिथेन गळतीचा हिशेब धरला तर गॅस वाटतो तितका स्वच्छ राहत नाही, तेही खरं.)

इतकं सगळं चांगलं असताना अंजनवेलला काय बिनसलं?

मेसचं कार्ड, तेही डॉलरमध्ये

1992 मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनं महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी बोलणी सुरू केली आणि डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनसोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल होत्या. जागतिक बँकेनं 1993 मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. प्रकल्प फार मोठा आणि वीज फार महाग, असं तिचं म्हणणं होतं. 1995 मध्ये राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार आलं, त्यानं ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि पुढच्या वर्षी तो परत आला, तोही आधीपेक्षा मोठा होऊन. मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. गॅसवर नाही, नाफ्थ्यावर. कारण एलएनजी उतरवायचं टर्मिनल अजून तयार नव्हतं.

करार समजायला हॉस्टेलच्या मेसचं उदाहरण पुरेल. महिन्याचं कार्ड काढलंय, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी झोपा, पैसे कापले जाणार. वर जितक्या पोळ्या खाल, त्यांचे वेगळे. वीज मंडळानं असं कार्ड काढलं वर्षानुवर्षांसाठी. त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता आणि इंधनाचा भाव जागतिक बाजाराशी. करार झाला तेव्हा डॉलर 31-32 रुपयांना होता, 2001 मध्ये 46-47 ला. तेल महागलं तसा नाफ्थाही महागला. काही महिन्यांत मंडळाला ही वीज युनिटमागे सात रुपयांच्या वर पडली. तेव्हाचे सात रुपये, हं.

मे 2001 मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता, तो तसाच राहिला. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. ते हिशेबाच्या वह्यांतल्या लबाडीमुळे, गुहागरमुळे नव्हे. आपल्याकडे अजूनही अनेक जण या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

मधल्या काळात वेलदूर, अंजनवेल, रानवी, कातळवाडी या गावांत काय झालं, तेही पाहायला हवं. जमिनी गेल्या. मासळीचं काय होणार, आंबा-काजूच्या बागांचं काय होणार, असे प्रश्न घेऊन माणसं रस्त्यावर आली. त्यांना लाठ्या खाव्या लागल्या, तुरुंगात जावं लागलं. त्यात वेलदूरच्या कोळी बायका होत्या. 1999 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं यावर एक सबंध अहवाल काढला. टर्बाइन किती कार्यक्षम आहे, हा प्रश्न त्या अहवालात कुठेच नव्हता.

2005 मध्ये एनटीपीसी, गेल वगैरेंनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली आणि प्लांट ताब्यात घेतला. क्षमता 1967 मेगावॉट. तो सुरू झाला, देशातला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळाला आणि मग तोच आटला. 2013-14 च्या सुमारास प्लांट पुन्हा बंद. 2015 च्या अखेरीस रेल्वेसाठी त्यातला साधारण पाव हिस्सा चालू झाला. टर्मिनलवर एलएनजी उणे 162 अंशांवर द्रवरूपात जहाजातून येतो, पण लाटा अडवणारा बंधारा पुरा नसल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे. कोकणातल्या मच्छीमाराला विचारलं असतं तर त्यानं फुकटात सांगितलं असतं, की जून ते सप्टेंबर हा समुद्र कुणाचंच ऐकत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं समजून लाजायचं कारण नाही. जर्मनीत बव्हेरियामधल्या इर्शिंगला 846 मेगावॉटचा कम्बाइंड सायकल प्लांट 2010 मध्ये सुरू झाला, कार्यक्षमता 60 टक्क्यांजवळ. पाच वर्षांत मालकांनी तो बंद करायची परवानगी मागितली. दुपारी सौरऊर्जा स्वस्त, इतर वेळी कोळसा स्वस्त, मग महागड्या गॅसला कोण विचारणार? दुसरीकडे ब्रिटननं नव्वदच्या दशकात उत्तर समुद्रातल्या गॅसवर असे प्लांट धडाधड उभे केले आणि 30 सप्टेंबर 2024 ला देशातलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. यंत्र दोन्हीकडे तेच. गॅस कुणाचा, किती लांबून येतो आणि कुठल्या चलनात, एवढाच फरक.

भारतात गॅसवर चालणारी क्षमता 2024 मध्ये 25 हजार मेगावॉटच्या आसपास होती आणि वर्षाचा बहुतेक काळ ती रिकामी बसलेली असे. उरणलाही गॅस पुरेसा मिळत नाही. तरी 2024 च्या उन्हाळ्यात मागणी वाढणार म्हटल्यावर केंद्र सरकारनं विद्युत कायद्याचं कलम 11 वापरून गॅस प्लांटना 1 मे ते 30 जून तयार राहायला सांगितलं होतं. कारण सूर्य मावळतो तेव्हाच सगळ्यांचे एसी, दिवे आणि टीव्ही एकदम लागतात. त्या दोन-चार तासांसाठी पटकन उठणारा कुणीतरी लागतो. बॅटऱ्या ज्या वेगानं स्वस्त होतायत ते बघता हे काम गॅसकडे फार वर्षं राहील असं मला वाटत नाही, पण आज ते आहे.

आगरदांड्याचं काय?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर धडकलं, तेव्हा उत्तरेला उरण होतं, दक्षिणेला अंजनवेल. मधल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. खांब आडवे झाले होते आणि तारांवर पोफळी पडल्या होत्या. मोबाइल चार्ज करायला माणसं जनरेटर असलेल्या घरापुढे रांगेत उभी होती. बर्फ नाही म्हणजे मासळी नाही, हे आगरदांड्यासारख्या बंदराच्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. घरातला दिवा मेगावॉटवर पेटत नाही, त्याला शेवटचा खांब उभा लागतो.

आणि आता या खाडीवर पुन्हा मोठे आकडे ऐकू येतायत. दिघी बंदर 2021 मध्ये अदानी पोर्ट्सनं 705 कोटींना घेतलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं देशातल्या ज्या 12 औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघी आहे. खाडीवर पूल व्हायचाय, म्हणजे ती फेरीबोट आठवणीत जमा होणार. या सगळ्याला वीज लागेल. ती कुठून येणार, तिचा करार किती वर्षांचा, कुठल्या चलनात आणि वापरली नाही तरी पैसे द्यायचे का, हे प्रश्न आज कॉलेजात असलेल्यांच्या बिलात पुढची पंचवीस वर्षं दिसतील.

हे प्रश्न विचारायला मंत्री असावं लागत नाही. 1995 मध्ये पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेत गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे अशा तरुण मंडळींनी एन्रॉनच्या वीजदराचं स्वतः गणित मांडून विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. संत आयआयटीतून शिकलेले, वय तिशीच्या आसपास. त्यांच्यासारख्यांनी मांडलेले बरेचसे धोके पुढे बिलावर उतरलेले दिसले. 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि कुठलाही ग्राहक आपली हरकत लेखी पाठवू शकतो, मराठीतसुद्धा. नोटीस वर्तमानपत्रात बारीक टायपात छापून येते, मुदतीची तारीख त्यातच असते.