सुट्टीसाठीच बांधलेली गाडी

डोंगर चढणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या रेल्वे पाहिल्या, तर बहुतेकींच्या मागे काही ना काही गंभीर कारण सापडतं. दार्जिलिंगला १८८१ साली रूळ पोचले आणि मळ्यांतला चहा गाडीने खाली येऊ लागला. १९०३ मध्ये सुरू झालेली कालका–सिमला गाडी साहेबाचं अख्खं सरकार उन्हाळी राजधानीत नेऊन ठेवी, फायलींच्या गठ्ठ्यांसकट. निलगिरीत मळे होते, शिवाय लष्करी छावणी होती. माथेरानला यातलं काहीच नव्हतं. नेरळहून १९०७ साली जी गाडी वर जाऊ लागली, ती मुंबईकरांच्या हवापालटासाठी. मागाहून तिने भाजी-दूधही वाहिलं असेल, पण भांडवल गुंतलं ते लोकांच्या सुट्टीवर.

माथेरानचं पठार साहेबाच्या नजरेस पडलं मे १८५० मध्ये. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वन ट्री हिलवरून चढून गेले आणि हवा आवडली म्हणून पुन्हा आले. त्या रानातल्या आदिवासींना वाटा आधीपासून ठाऊक होत्याच. मग गव्हर्नर एल्फिन्स्टन आले, बंगले उठले. पुढे नेरळपर्यंत आगगाडी आली. पण तिथून वरचे अकरा किलोमीटर घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी काढावे लागत. रेल्वेने प्रवाशाला डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडलं होतं, एवढंच.

हे अंतर बुजवलं ते सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. आदमजी मूळचे काठियावाडचे दाऊदी बोहरा. लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकणारा हा माणूस पुढे लष्कराला तंबू आणि चामड्याच्या वस्तू पुरवून गडगंज झाला, शहराचा शेरीफ झाला. रेल्वेचं वेड मात्र मुलाचं, अब्दुल हुसेन यांचं. काम १९०४ मध्ये सुरू झालं, तीन वर्षांत पुरं झालं आणि वडिलांच्या तिजोरीतून सुमारे सोळा लाख रुपये गेले. त्या काळचे सोळा लाख, आणि तेही अशा मार्गावर जिथे वर्षातले चार महिने पावसामुळे धंदा बंद! हिशेबी व्यापाऱ्याने हे धाडस केलं, यात थोडा नफ्याचा विचार आणि बराचसा हौसेचा भाग असावा.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, माथेरान आठशेच्या आसपास. चढ काही ठिकाणी वीसाला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. निलगिरीत याहून तीव्र चढासाठी रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी लागली. इथे तशी पट्टी नाही. त्याऐवजी रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे एकवीस किलोमीटर वळसे घेत जायचं ठरलं. रूळ एकमेकांपासून फक्त दोन फुटांवर. वळणं इतकी आवळ की साधं इंजिन अडकूनच बसलं असतं. म्हणून जर्मनीतल्या ओरेनश्टाइन अँड कोप्पेल कंपनीकडून चार इंजिनं मागवली. त्यांच्या पुढच्या-मागच्या आसांवर पोकळ नळ्या होत्या. त्यामुळे टोकाची चाकं वळणावर थोडी तिरकी होत. या रचनेला क्लीन-लिंडनर म्हणतात. १९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली, तरी वाफेची ही इंजिनं आणखी पाव शतक राबली.

प्रवासाला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान: स्टेशनं एवढीच. वाटेत एकुलता एक बोगदा, त्याचं नाव ‘वन किस’, कारण अंधार तेवढाच पुरतो. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण तोही सुट्टीवरच निघालेला असणार. उजवीकडे दिसलेली दरी वळसा घेतला की डावीकडे येते, आणि मघाशी शेजारून धावणारा रूळ पायाखाली कुठेतरी खोल राहिलेला दिसतो.

पावसाशी मात्र या मार्गाचं जुनं वैर आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात रुळांखालची जमीनच वाहून गेली. गाडी पुन्हा सुरू झाली २००७ मध्ये, शताब्दीच्या तोंडावर. २०१६ च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले आणि सेवा थांबली. तोवर ब्रेक लावायला डब्यांवर माणसं असत, इंजिनाच्या शिटीवर हाताने चाक फिरवणारी. त्यानंतर एअर ब्रेक आले. २०१९ च्या पावसाने पुन्हा घाव घातला आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आता उतार सावरायला जाळीत दगड भरून भिंती रचल्या आहेत.

गाव मोटारींना बंद आहे; टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथून अमन लॉज अगदी जवळ, आणि अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी दिवसभर चालू असते. बहुतेक पर्यटक हल्ली तेवढीच मिनी ट्रेन अनुभवतात. वेळ वाचतो हे खरं, पण घाट, बोगदा, वळसे सगळे खालीच राहतात. पावसाळ्यात दुसरा इलाज नसतो, कारण नेरळ ते अमन लॉज हा टप्पा तेव्हा बंद असतो. दिवाळीनंतर मात्र नेरळहूनच बसावं. फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान, तेव्हा सकाळी लवकर नेरळ गाठलेलं बरं. परतीला घाई असेल तर दस्तुरीहून टॅक्सी आहेच.