ध्वनिवर्धकातला नको असलेला सूर

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही स्वतः जुळवलेला ध्वनिवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, लावला आहे. नाटकात हळू आवाजातला संवाद आला आणि कर्ण्यातून सारखी 'घूंऽऽ' ऐकू येऊ लागली, तर मागच्या रांगेपर्यंत संवाद कसा पोहोचणार? ही घूं कोठून येते आणि ती कशी घालवावी, ते आज पाहू या.

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तने पुरी करते. ट्रान्सफॉर्मर हा दाब १२ व्होल्टपर्यंत उतरवतो. नंतर चार डायोडांचा पूल उलट्या दिशेचे अर्धे आवर्तन सुलट करतो. एका आवर्तनाचे असे दोन उंचवटे होतात, म्हणजे सेकंदाला १०० उंचवटे! हाच तो १०० हर्ट्झचा सूर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाचे वीजजाळे एकाच तालावर चालते. म्हणून कागलच्या ध्वनिवर्धकातली घूं आणि कन्याकुमारीची घूं यांचा सूर एकच असतो! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तेथे हाच सूर १२० हर्ट्झचा भरतो.

आता हे उंचवटे सपाट कसे करायचे? दूधगंगेकाठच्या मळ्यांत विजेचे पंप येण्यापूर्वी मोटा चालत. आजोबांना विचारा. मोट एकदम भडभडून पाणी ओतते आणि पुन्हा विहिरीत उतरते. तरी पाटाचे पाणी तुटत नसे, कारण मोट थारोळ्यात रिकामी होई आणि थारोळ्यातून पाणी पाटाला लागे. आपल्या मंडलात थारोळ्याचे काम कपॅसिटर करतो. उंचवटा आला की तो भरतो आणि पुढचा उंचवटा येईपर्यंत साठवलेला विद्युतभार पुरवतो.

थारोळे केवढे हवे, हे मात्र अंदाजाने ठरवू नका. गणित सोपे आहे :

धारिता = प्रवाह × काळ ÷ दाबातील घट

समजा, ध्वनिवर्धक अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. दोन उंचवट्यांमधला काळ १/१०० सेकंद. दाब १ व्होल्टपेक्षा जास्त घटू नये, अशी आपली अट. मग ०.५ × ०.०१ ÷ १ = ०.००५ फॅरड, म्हणजे ५००० मायक्रोफॅरड. बाजारात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळतो, तो चालेल. १००० चाच बसवलात, तर हिशेबाने घट सुमारे ५ व्होल्ट येईल आणि कर्णा घुमू लागेल.

कपॅसिटर किती व्होल्टचा घ्यावा? १२ व्होल्ट ही सरासरी स्वरूपाची किंमत आहे. उंचवट्याचे शिखर तिच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्टांवर असते. डायोडांत दीड-एक व्होल्ट खर्ची पडतो. पण विजेचा दाब वाढलेला असेल आणि ध्वनिवर्धक शांत असेल, तर कपॅसिटरवरचा दाब आणखी चढतो. म्हणून १६ व्होल्टचा न घेता २५ व्होल्टचा घ्यावा.

मायक्रोफोनचा संदेश जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. त्याला सांभाळणाऱ्या पहिल्या टप्प्याला १ व्होल्टची घटही फार होते. तेथे दुसरी गाळणी लावा. वाटेत २२० ओहमचा रोधक आणि पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. या कपॅसिटरचा १०० हर्ट्झला होणारा विरोध फक्त ३.४ ओहम आहे. त्यामुळे उरलेली घूं सुमारे ६५ पट कमी होते. हा टप्पा ५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर रोधकात केवळ १.१ व्होल्ट जातो.

एवढे करूनही घूं राहिली तर? ध्वनिवर्धक बंद करून मायक्रोफोन काढा, त्या जागी संदेशाची तार जमिनीच्या तारेला जोडा आणि पुन्हा चालू करा. घूं थांबली, तर ती मायक्रोफोनकडून किंवा त्याच्या तारेतून येत होती. तेथे जाळीदार कवचाची तार वापरा. घूं तशीच राहिली, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा आतल्या जोडणीत शोधा. कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा प्रवाह वाहतो. तो मायक्रोफोनच्या जमिनीच्या तारेतून जाऊ देऊ नका. सर्व जमिनीच्या तारा कपॅसिटरच्या ऋण टोकाजवळ एकाच बिंदूत आणा.

आता महत्त्वाची सूचना. २३० व्होल्ट जीव घेऊ शकतात. ट्रान्सफॉर्मरची ती बाजू शिक्षकांकडून किंवा जाणकाराकडूनच जोडून घ्या. फ्यूज आणि झाकलेली पेटी हवीच. कपॅसिटरची धन-ऋण टोके उलटी लावू नका, तो फुटतो. वीज बंद केल्यावरही त्यात भार उरतो. प्लग काढून १ किलोओहमचा रोधक त्याच्या टोकांना अर्धा मिनिट लावा, मगच हात घाला.

शेवटी एक प्रयोग करा. आधी १००० मायक्रोफॅरडचा आणि मग ४७०० चा कपॅसिटर लावून घूं ऐका. वहीतल्या भागाकाराचे उत्तर तुम्हाला कानांनी ऐकू येईल!