बर्फातील वाट आणि अणुशक्ती

औषध गुणकारी आहे, एवढ्यावर वैद्य समाधान मानीत नाही. मात्रा किती, अपाय कोणता आणि उपचार नेमका कशासाठी, हेही तो पाहतो. उत्तर ध्रुवाजवळच्या सागरात अणुशक्तीवर चालणाऱ्या हिमभंजक जहाजांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.

रशियाच्या मुर्मान्स्क बंदरातून जपानच्या योकोहामापर्यंतचे अंतर सुएझमार्गे सुमारे १२,८०० सागरी मैल भरते. सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने ते ५,८०० च्या आसपास येते. मात्र ही वाट वर्षातील बराच काळ गोठलेली असते. हिमभंजक जहाज आपली मजबूत नाळ बर्फावर चढवून स्वतःच्या वजनाने तो फोडते आणि त्यामागून मालवाहू जहाजे येतात. अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ, वाफेने वीज आणि विजेने जहाजाचे पंखे फिरतात. एकदा भरलेले इंधन काही वर्षे पुरते, हा त्या निर्जन सागरातील मोठाच आधार.

असे पहिले जहाज ‘लेनिन’ १९५९ मध्ये सेवेत आले. त्यावर शस्त्रक्रियागृह व क्ष-किरण कक्षही होता. किनारा दूर असता रुग्णाला अन्यत्र नेणार कोठे? १९७७ मध्ये ‘आर्क्तिका’ हे उत्तर ध्रुवावर पोहोचणारे जगातील पहिले पृष्ठभागावरील जहाज ठरले. त्याच नावाचे नवे जहाज २०२० मध्ये दाखल झाले. दोन अणुभट्ट्यांच्या बळावर ते सुमारे तीन मीटर जाडीचा बर्फ फोडू शकते. अशी अणुशक्तीची हिमभंजक जहाजे आजही केवळ रशियाकडेच आहेत.

आता अपायाची बाजू. १९६५ मध्ये ‘लेनिन’च्या एका भट्टीतील शीतक पाणी वापरलेले इंधन बाहेर काढण्यापूर्वीच काढले गेले आणि इंधनाची हानी झाली. १९६७ मध्ये पुन्हा गळती झाली. अखेर भट्ट्यांचा संपूर्ण कप्पा नोव्हाया झेम्ल्या बेटांजवळ सागरतळी बुडविण्यात आला. नव्या भट्ट्या बसवून ‘लेनिन’ १९८९ पर्यंत चालले; बुडविलेला कप्पा मात्र पुढील पिढ्यांच्या वाट्याला आला.

हे जहाज स्वतः धूर सोडत नाही, हे खरे. परंतु त्याने मोकळ्या केलेल्या वाटेने प्रामुख्याने खनिज तेल आणि द्रवरूप वायूच जातो. त्याच्या ज्वलनाने पृथ्वी तापते आणि ध्रुवाचा बर्फ आणखी वितळतो.

हा प्रश्न संकेश्वरपासून दूरचा वाटेल. पण आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर गोव्यात, वास्को येथे, राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन स्थानक २००८ पासून त्याच्याच आधाराने चालते. उन्हाळ्यात कारा सागरातील बर्फ घटणे आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टी होणे यांचा संबंध असू शकतो, असे तेथील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. हा कारा सागर त्याच जहाजवाटेवर आहे. हा निष्कर्ष मध्य भारतापुरता असला, तरी हिरण्यकेशीकाठच्या ऊस-मिरचीच्या शेतकऱ्याला परतीच्या पावसाचे मोल निराळे सांगावयास नको.

म्हणून या जहाजांच्या सामर्थ्याचे कौतुक जरूर करावे. मात्र वाट जवळची झाली म्हणून आनंद मानताना तिचे देणे कोण फेडणार, हेही विचारावे.